दोन पातेली, एक मसाला

आमच्या घरी मसाल्याची गरम वाइन करायची म्हटली की पहिली चव सासूबाई घेतात. त्या माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला उपास, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. वाइनच्या थेंबाचाही प्रश्न येत नाही. तरी नाताळच्या संध्याकाळी मी मसाल्याचा पाक गॅसवर ठेवला की त्या खुर्ची ओढून ओट्याशी येऊन बसतात, चमचाभर पाक बशीत घेऊन फुंकर घालतात आणि सांगतात, "लवंग चढली गं, थोडं पाणी घाल." मी पाणी घालते. त्यांच्या जिभेने पास केलेला पाक आजवर कधी बिघडलेला नाही.

हे जमतं कारण आमच्याकडे मसाला वाइनमध्ये उकळत नाहीत. मसाल्याचा पाक वेगळा होतो, आणि मग तोच पाक दोन पातेल्यांत जातो. एकात वाइन, दुसऱ्यात डाळिंबाचा रस. सणाला जमलेल्या घरात ही दोन पातेली हवीतच, असं माझं ठाम मत आहे, आणि दोन्हींवर सारखीच मेहनत हवी. वाइनवाल्यांसाठी तासभर खटपट आणि न घेणाऱ्यांपुढे फ्रिजमधली सरबताची बाटली, हे मला पाहवत नाही. पाहुणा तो पाहुणा.

ही पद्धत मला लेकीच्या गावी दिसली. ती जर्मनीत ड्रेस्डेनला असते. तिथला नाताळचा बाजार १४३४ सालापासून भरतो, जर्मनीतल्या सगळ्यात जुन्या बाजारांपैकी एक. डिसेंबरात संध्याकाळी चारलाच अंधार पडतो, पाय गारठून लाकडासारखे होतात, आणि लोक लाकडी टपऱ्यांसमोर उभे राहून दोन्ही हातांत मग धरून ग्लूवाइन, म्हणजे मसाला घातलेली गरम वाइन, पीत असतात. मगासाठी अनामत भरायची, मग परत केला की पैसे परत. मला जास्त आवडली ती शेजारची कढई. त्याच टपरीवर त्याच मसाल्याचं, पण द्राक्षाच्या आणि सफरचंदाच्या रसाचं, मुलांसाठीचं पंच उकळत होतं. ते मुलंही पीत होती, गाडी चालवून घरी जायचं होतं ती मोठी माणसंही पीत होती. मग तोच. कोण काय पितंय हे बाहेरून कुणाला कळत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. मी लेकीला तिथेच म्हटलं, हे आपल्या आजीला चालेल.

ठाण्याच्या हवेत ग्लूवाइन कशाला, असं मला हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे डिसेंबरच्या रात्री पारा १६-१७च्या आसपास आला की लोक स्वेटर काढतात, येऊरच्या बाजूला त्याहून थोडी जास्त थंडी असते, बस्स. म्हणून ड्रेस्डेनचा मग इथे आणायचा नाही. तिथे एका वेळी २०० मिली देतात. आपल्याला त्याच्या निम्मं पुरे. मी कटिंगच्या ग्लासात देते. साधारण ९०-१०० मिली मावतं, जाड काच हातात ऊब धरते आणि संपेपर्यंत पेय गरम राहतं. मोठ्या कपात शेवटचा अर्धा भाग गार होतो, आणि गार झालेली गोड वाइन कुणालाच नको असते. स्टीलच्या पेल्यात बोटं भाजतात. वाइनचे पातळ देठाचे ग्लास तर या कामाला अजिबात काढू नका, गरम ओतलं की तडा जाऊ शकतो.

आता पाक. मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये नोकरीची बहुतेक वर्षं काढली, त्यामुळे पदार्थात काय कशात उतरतं याचा विचार डोक्यातून जात नाही. लवंगेचा वास युजेनॉलचा, दालचिनीचा सिनॅमाल्डिहाइडचा. दोन्ही सालीत, कळीत घट्ट बसलेले असतात. ते बाहेर यायला वेळ आणि उष्णता लागते. वाइनचं नेमकं उलटं. तिच्यातले फळाचे वास हलके, चटकन उडणारे. शुद्ध अल्कोहोल ७८ अंश सेल्सियसला उकळतं. वाइनमध्ये पाणी जास्त असल्यामुळे तिला उकळी यायला नव्वदच्या वर जावं लागतं, पण त्याच्या कितीतरी आधी तिचा वास स्वयंपाकघरभर पसरलेला असतो, म्हणजे ग्लासात उरलेला नसतो. मसाल्याला हवं ते वाइनला नको. दोघांना एकाच पातेल्यात एकाच आचेवर ठेवलं तर एकाचं नुकसान ठरलेलं. मसाला आधी पाण्यात पूर्ण उतरवून घ्यावा आणि वाइन नंतर नुसती गरम करावी, यात दोघांचं भलं आहे.

एका बाटलीला आणि तेवढ्याच दुसऱ्या पातेल्याला मिळून मी दोन वाट्या पाणी घेते. त्यात पाऊण वाटी साखर, दोन संत्र्यांची साल, बोटाएवढे दालचिनीचे दोन तुकडे, दहा लवंगा, सहा हिरवे वेलदोडे किंचित ठेचून, आठ मिरी, एक चक्रीफूल आणि आल्याच्या चार पातळ चकत्या. मंद आचेवर वीसेक मिनिटं, पाणी दीड वाटीवर येईपर्यंत. मग गाळून घ्यायचं. मसाला पाकात मुरत ठेवायचा मोह टाळा, लवंग फार वेळ राहिली की कडवट होते आणि जीभ बधिर करते. सासूबाईंची चव या टप्प्याला असते. अजून कशातही काही मिसळलेलं नसतं, त्यामुळे त्यांना निर्धास्त चाखता येतं.

मसाला अख्खाच हवा. पूड घातली तर पेय गढूळ होतं, तळाशी गाळ बसतो आणि शेवटचा घोट खरखरीत लागतो. मसाला मी ठाण्याच्या बाजारातून, जांभळी नाक्यावरून आणते. तिथे दालचिनी घेताना दोन प्रकार मागून पाहा. एक जाड, कडक, खडबडीत सालीची, जी आपण गरम मसाल्यात वापरतो, ती खरं तर कॅशिया, दालचिनीच्या जवळच्या दुसऱ्या झाडाची साल. दुसरी सिलोनची, पातळ पापुद्र्यांची गुंडाळी, बोटांनी चुरते. पाकासाठी मला सिलोनची आवडते, गोडसर आणि मऊ वास असतो. जाड मिळाली तर एकच तुकडा घालावा, तिचा जोर जास्त. लवंग नखाने दाबून बघा, तेल सुटलं पाहिजे. चक्रीफूल एकाच्या वर नको, नाहीतर सगळ्याला बडीशेपेच्या गोळ्यांचा वास येतो. जायफळ मी घालत नाही. ते कॉफीत आणि श्रीखंडात शोभतं, वाइनमध्ये सगळ्यांच्या पुढे पुढे करतं.

संत्र्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपलं नशीब इथे युरोपपेक्षा चांगलं आहे. नाताळच्या सुमाराला नागपूरच्या आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात, थोडी आंबट, रसाळ, सैल सालीची. ती साल हाताने अलगद निघते आणि आतला पांढरा भाग पातळ असतो. तरी तोही चमच्याने खरवडून टाकावा, कडवटपणा तिथेच असतो. साल उकळायची असल्यामुळे फळ आधी कोमट पाण्याने चोळून धुवा. रस पाकात घालत नाही, तो शेवटी जातो. उकळलेल्या संत्र्याच्या रसाला औषधी वास येतो, ताजा ठेवला तर सगळ्याला जाग येते.

वाइन नाशिकची. माजिवड्यावरून हायवेला लागलं की चार तासांच्या आत आपण द्राक्षमळ्यांत असतो, मग बाहेरची बाटली कशाला? तिकडे वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, म्हणजे आपण नाताळात गरम करतो ती निदान आदल्या हंगामाची तरी असते. कुठली घ्यावी म्हणाल, तर लाल, फळाची चव पुढे असलेली, साधी. झिनफँडेल किंवा मर्लो या जातीच्या द्राक्षांची चांगली जमते. ओकच्या पिंपात मुरवलेली महागडी रिझर्व्ह बाटली पातेल्यात ओतू नये. गरम झाल्यावर तिचा तुरटपणा वर येतो, लाकडाचा वास मसाल्याशी भांडतो, आणि जी कुणीतरी वर्षभर मुरवली तिची चवही कळत नाही. ती जेवणाबरोबर तशीच प्या. गोड पोर्टची बाटली मात्र मी वापरत नाही, तिच्यात साखर आधीच इतकी असते की आपल्या हातात काही उरत नाही.

पातेलं स्टीलचं. वाइन आंबट असते, कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात किंवा ॲल्युमिनियममध्ये ती ठेवू नये. वाइन ओतायची, निम्मा पाक घालायचा, झाकण ठेवून अगदी बारीक आच. माझ्याकडे थर्मामीटर आहे, ६५ ते ७० अंशांना मी गॅस बंद करते. तो नसेल तर पातेल्याच्या कडेला मोत्याएवढे बुडबुडे दिसायला लागायच्या आत थांबा. मग एका संत्र्याचा रस. चाखा. गोड कमी वाटलं तर बाजूला ठेवलेला पाक आहे. एका बाटलीत कटिंगचे नऊ-दहा ग्लास होतात. पुन्हा पुन्हा गरम करायची वेळ येऊ नये म्हणून झाल्या झाल्या स्टीलच्या थर्मासमध्ये भरते. थर्मास आधी गरम पाण्याने धुऊन घेतला तर दोन तास काही बघावं लागत नाही. इलेक्ट्रिक किटलीत मात्र ओतू नका, ती उकळल्याशिवाय थांबत नाही.

दुसरं पातेलं जास्त विचार मागतं. नुसता रस गरम केला की तो गोड काढा होतो, दोन घोटांनंतर नकोसा. वाइनमध्ये आंबटपणा असतो, तुरटपणा असतो, एक भारदस्तपणा असतो. ते तिन्ही दुसरीकडून आणावे लागतात. तीन वाट्या डाळिंबाचा रस घेते. दाणे मिक्सरमध्ये क्षणभरच फिरवायचे, बी भरडली गेली की रस कडू होतो. आंबटपणासाठी सहा-सात आमसुलं वाटीभर गरम पाण्यात भिजवून त्याचं पाणी. कोकमचं आगळ घेऊ नका, त्यात मीठ असतं. तुरटपणासाठी अर्धी वाटी कोरा कडक चहा. भारदस्तपणासाठी मूठभर काळे मनुके भिजवून, कुस्करून, गाळून. आणि पाक, वाइनपेक्षा थोडा कमी, कारण डाळिंब आणि मनुके आधीच गोड. रंग इतका सुंदर येतो, काळपट लाल, की दोन ग्लास शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत. म्हणून माझी एक कडक शिस्त आहे. या पातेल्याचा डाव वेगळा, गाळणी वेगळी, थर्मास वेगळा, त्याच्या झाकणाला हिरवी लोकरीची दोरी. सासूबाईंचा विश्वास त्या दोरीवर आहे आणि तो मी प्राणपणाने सांभाळते. ग्लासही मी स्वतः भरून हातात देते, ट्रेमध्ये सरमिसळ होऊ देत नाही.

एक गैरसमज इथेच मोडायला हवा. "गरम केली म्हणजे अल्कोहोल उडून गेलं" असं म्हणून लोक बिनधास्त तिसरा ग्लास घेतात. तसं होत नाही. झाकण ठेवून सत्तर अंशांपर्यंत तापवलेल्या वाइनमध्ये बहुतेक सगळं अल्कोहोल तिथेच असतं. उलट गरम आणि गोड असल्यामुळे ती पटकन पोटात जाते. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, आणि ती फार दूर नसते. घोडबंदर रोडला राहणारा माझा भाऊ कारने येतो. त्याला मी दारातच हिरव्या दोरीतलं देते. तो कधी कुरकुरत नाही, कारण ते खरंच चांगलं झालेलं असतं. दुसऱ्या पातेल्यावर मेहनत का घ्यायची याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही. चांगलं असेल तरच माणूस आनंदाने ते निवडतो.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, आंटी राहतात. मूळच्या ठाण्याच्याच, तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये त्यांची पिढ्यान्पिढ्यांची नावं नोंदलेली. घरात बोलणं मराठीच. पहिल्यांदा मी त्यांच्या हातात ग्लास दिला, तेव्हा त्यांनी नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, "हे तर आमच्या खिमाडच्या घरातलं." त्यांच्याकडे लग्नात गावठी दारूत मसाले, साखर, गवती चहा घालून गरम खिमाड करतात, ते मला तेव्हा कळलं. नाताळची वाइन त्या घरीच करतात. काळी द्राक्षं, साखर, यीस्ट, मूठभर गहू, मोठी चिनी मातीची बरणी, आणि रोज लाकडी चमच्याने ढवळणं. ती त्या गरम करू देत नाहीत, आणि बरोबरच आहे, ती गारच छान लागते. पण २५ तारखेला संध्याकाळी त्या फुगे घेऊन येतात, तळलेले हलके गोल फुगे, आणि मसाला वाइनबरोबर त्याहून चांगलं खाणं मी अजून खाल्लेलं नाही. गोड नाहीत, तिखट नाहीत, ग्लासात बुडवले तरी चालतात.

खाण्याचं म्हणाल, तर तिखट काही ठेवू नका. लवंग, मिरी, आलं आधीच जिभेवर असतं, वर झणझणीत चिवडा किंवा मिसळ आली की दोन्हींची चव जाते. खारे काजू, कोथिंबीरवडी कमी मिरचीची, भाजलेले शेंगदाणे, साधा केक. पण सगळ्यात मोठी जोडी पोपटीची. माझं माहेर पनवेलकडचं. डिसेंबर-जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतावर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, बटाटे, कुणाला हवं तर अंडी नाहीतर मसाला लावलेलं चिकन, वर पुन्हा पाला, मडकं उपडं करून भोवती जाळ. शेकोटीच्या भोवती बसलेल्या माणसांना आतून ऊब देणारं काहीतरी हवंच असतं. मी ठाण्याहून दोन्ही थर्मास भरून नेते. धुराचा वास, भांबुर्डीचा उग्र सुगंध आणि लवंगेचा गोडवा, हे तिन्ही एकत्र आले की मला ड्रेस्डेनची अजिबात आठवण येत नाही. माझे काका, ज्यांनी आयुष्यात वाइन घेतली नव्हती, त्यांनी तिथे निम्मा ग्लास घेतला आणि उरलेल्या रात्रभर हिरव्या दोरीतलं प्यायले. दोन्ही आवडलं, पण डाळिंबाचं जास्त, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

हे पेय परकं आहे असं मला वाटत नाही. रोमन लोक वाइनमध्ये मध, मिरी, केशर घालून तापवत असत. ती मिरी आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजाने जायची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीने या किनाऱ्यावरच्या बंदरांची नोंद केली आहे, त्यात सोपारा (आजचं नालासोपारा) आहे आणि आमच्या पुढच्या स्टेशनांवरचं कल्याणही आहे. गुजरातेतल्या भडोचच्या बंदरात इटलीची वाइन उतरायची, असंही तो लिहितो. मसाला इकडून तिकडे, वाइन तिकडून इकडे, असा हा व्यवहार दोन हजार वर्षांपूर्वी याच समुद्रावर चालत होता. मग नाशिकची वाइन आणि जांभळी नाक्याचा मसाला एका पातेल्यात आला, तर त्यात नवलाचं काय? म्हणून मी परदेशी मसाल्याच्या तयार पुड्या आणत नाही. लेक पाठवते, मी त्या चहात वापरून टाकते.

मधुमेह असलेल्या पाहुण्यांचा विचार आधी करून ठेवा. माझे मोठे दीर येतात, त्यांना वाइनही नको आणि डाळिंबाची साखरही नको. त्यांच्यासाठी साखर पडायच्या आधी मसाल्याच्या पाण्याची एक वाटी वेगळी काढते, त्यात आमसुलाचं पाणी, कोरा चहा आणि आल्याचा थोडा रस. तिसरं पातेलं लागत नाही, एक लहान चहाची किटली पुरते. म्हणजे असा पाहुणा येणार असेल तर साखर सुरुवातीला न घालता शेवटच्या पाच मिनिटांत घालायची, एवढं लक्षात ठेवायचं.

पाक उरला तर बाटलीत भरून फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. ३१ डिसेंबरला तोच वापरता येतो, त्या दिवशी कुणाला ओट्याशी उभं राहायचं नसतं. उरलेली मसाला वाइन मात्र पुन्हा तापवून पाहुण्यांना देऊ नये, तिची चव सपाट झालेली असते. तिच्यात नाशपाती शिजवा, साल काढून, अख्खी, मंद आचेवर, मऊ होईपर्यंत. दुसऱ्या पातेल्यातलं उरलं तर त्यातही तशीच शिजवा, आणि ती वाटी आधी सासूबाईंना द्या.

मसाला नाताळच्या आधीच्या रविवारी सकाळी लवकर आणा, दहानंतर जांभळी नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते. संत्री दोन दिवस आधी, डाळिंबं त्याच दिवशी. आणि थर्मासना दोन रंगांच्या दोऱ्या आजच बांधून ठेवा.